हॉटेलच्या खोलीत 'तपासणी'च्या नावाखाली कोण, कधी आणि किती शिरू शकतं?

सोनटक्का (ठाणे, घोडबंदर रोड)

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब कोकणात गेलो होतो. नवरा, दोन मुलं, सासूबाई आणि मी. हॉटेलचं नाव देत नाही, कारण प्रश्न एकाच हॉटेलचा नाही.

दुपारी नवरा मुलांना घेऊन समुद्रावर गेला. सासूबाई झोपलेल्या, मी आंघोळीला. दाराला बाहेरून 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी अडकवलेली होती. मी बाहेर आले तर खोलीत दोन पुरुष उभे. एक वॉचमनच्या गणवेशात, दुसरा साध्या शर्ट-पँटमध्ये. सासूबाई गळ्यापर्यंत चादर ओढून पलंगावर उठून बसलेल्या. "मॅडम, सिक्युरिटी चेक आहे, दोन मिनिटं." दार वाजवलं होतं म्हणे. सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि मी शॉवरखाली. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी मास्टर कार्डानं उघडलं. कपाट उघडून पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, निघून गेले.

रिसेप्शनवर विचारलं तर "वरून ऑर्डर आहे, रूटीन आहे" याच्या पुढे काही नाही. ऑर्डर कोणाची? रोज होतं की आमच्याच खोलीत झालं? सोबत बाई का नव्हती? नोंद कुठे आहे? एकाचंही उत्तर मिळालं नाही. सासूबाई त्यानंतरच्या दोन्ही रात्री दाराला खुर्ची लावून झोपल्या.

सुरक्षेला माझा विरोध नाही. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईतल्या मोठ्या हॉटेलांत गाडीखाली आरसा फिरवतात, बॅगा मशीनमधून जातात. आपण सगळे मुकाट रांगेत उभे राहतो आणि राहायलाच हवं. पण ते दाराबाहेर. खोलीच्या आत म्हातारं माणूस झोपलंय, बाई कपडे बदलतेय, मुलं अर्धवट कपड्यांत नाचताहेत. तिथे शिरायचं तर कोण शिरलं, कशासाठी शिरलं, हे मला कळलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे. नियम काय आहे आणि तुम्ही अशा वेळी काय करता, ते सांगा.

खाडीकाठ (कळवा)

झालं ते वाईटच. पण तपासणी बंद करा असं कोणी म्हणू नये, म्हणून लिहितोय. आमचा मामेभाऊ मुंबईत हॉटेलच्या धंद्यात आहे. पाटी लावून आतून कडी घालून लोक काय काय करतात हे ऐकलं तर तुम्हीच म्हणाल, बघा बाबा आत डोकावून. दार उघडायच्या आधी खोलीत फोन करायला हवा होता, एवढं मात्र खरं.

पामबीच (नेरुळ)

ताई, हा प्रश्न अमेरिकेत फार तापला होता. १ ऑक्टोबर २०१७ला लास व्हेगासमध्ये एका माणसानं हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरच्या खोलीतून खाली चाललेल्या संगीत महोत्सवावर गोळीबार केला. ६० लोक गेले. त्यानं आधीचे काही दिवस बॅगा भरभरून बंदुका वर नेल्या होत्या आणि कोणाला पत्ता लागला नव्हता. त्यानंतर तिथल्या हॉटेलांनी नियम बदलले. फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलांनी त्याच वर्षाच्या शेवटी 'डू नॉट डिस्टर्ब'च्या पाट्या काढून 'रूम ऑक्युपाइड' अशा पाट्या द्यायला सुरुवात केली. म्हणजे खोलीत कोणी आहे एवढंच कळवायचं, येऊ नका असं म्हणायची सोय नाही. पाटी असली तरी कर्मचारी आत येऊ शकतात.

आम्ही मुलांना घेऊन ऑरलँडोला गेलो तेव्हा याचा अनुभव घेतला. साफसफाई नको म्हटलं होतं तरी एक बाई आली. दार वाजवलं, नाव सांगितलं, मी उघडेपर्यंत थांबली. दारातूनच नजर फिरवली, कचऱ्याची पिशवी बदलली आणि गेली. मुख्य म्हणजे चेक-इनच्या वेळीच हे सांगितलेलं होतं, त्यामुळे बायको अजिबात बिचकली नाही.

तिथेही सगळं आलबेल नाही. २०१८च्या ऑगस्टमध्ये लास व्हेगासला 'डेफ कॉन' ही संगणक सुरक्षेची परिषद होती. तिथे आलेल्या लोकांच्या खोल्यांत सुरक्षारक्षक असेच शिरले. एकट्या उतरलेल्या बायकांनी उघड तक्रार केली, की दाराबाहेरचे पुरुष खरंच हॉटेलचे आहेत हे आम्ही ओळखायचं कसं? पोलिसांचं म्हणाल तर तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९६४ सालीच सांगून ठेवलंय, की हॉटेलच्या क्लार्कनं हो म्हटलं म्हणून पोलिसांना वॉरंटशिवाय पाहुण्याच्या खोलीची झडती घेता येत नाही.

आंबेहळद (वाशी)

मी हाउसकीपिंगमध्ये बरीच वर्षं काढली आहेत, मुंबईत आणि नवी मुंबईत. आतली बाजू सांगते, कारण सोनटक्का यांच्याकडे जे झालं ते कुठल्याही धड हॉटेलच्या पद्धतीत बसत नाही.

डीएनडी, म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब'ची पाटी, लागलेल्या खोलीला हाउसकीपिंगवाला हातही लावत नाही. फ्लोअर सुपरवायझर आपल्या शीटवर 'डीएनडी' लिहितो आणि पुढे जातो. दुपार उलटली तरी पाटी तशीच असेल तर खोलीत फोन जातो. फोन उचलला नाही तर ड्युटी मॅनेजरला कळवतात. मग ड्युटी मॅनेजर, सिक्युरिटी आणि हाउसकीपिंग असे मिळून जातात. एकटं कोणी जात नाही आणि खोलीत बाई उतरलेली असेल तर सोबत बाई घेतातच. दार तीनदा वाजवायचं, प्रत्येक वेळी 'हाउसकीपिंग' असं मोठ्यानं म्हणायचं, मध्ये थांबायचं, दार चार बोटं उघडून पुन्हा आवाज द्यायचा. पहिल्या आठवड्यात ट्रेनीला हेच शिकवतात. शॉवरचा आवाज आला तर तिथल्या तिथे दार ओढून घ्यायचं.

कपाट उघडणं, पलंगाखाली बघणं हे मात्र 'चेक'मध्ये येत नाही. आम्ही बघतो ते एवढंच: माणूस बरा आहे ना, पाणी गळत नाही ना, कुठे जळका वास नाही ना, सामान आहे की पाहुणा बिल न भरता पसार झाला. सामान कमी असलं की 'स्कँटी बॅगेज' म्हणून नोंद होते, रात्री खोली वापरलीच नाही असं दिसलं तर 'स्लीप आउट'. पाहुण्याची बॅग उघडायची नाही, हा नियम मोडल्यावर नोकरी गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आता तुमच्या उपयोगाचं. कार्डानं उघडणाऱ्या कुलपात स्वतःची नोंद असते. कुठलं कार्ड, किती वाजता, हे त्यात साठत जातं. कुलूप बॅटरीवर चालतं, त्यामुळे वीज गेली तरी नोंद पुसत नाही. हातातलं एक छोटं यंत्र कुलपाला लावलं की शेवटच्या बऱ्याच उघडण्यांची यादी निघते. खोलीतून काही गेल्याची तक्रार आली की आम्ही पहिल्यांदा तेच काढायचो. दुसरी नोंद म्हणजे की रजिस्टर. मास्टर कार्ड कोणी, किती वाजता घेतलं, कधी परत केलं, यावर सह्या असतात. या दोन्ही गोष्टी लेखी मागा. तोंडी मागितलं तर "साहेब नाहीत" हेच ऐकाल.

आणि आतून डबल लॉक करत चला. बोल्ट आतून फिरवला की साध्या मास्टर कार्डानं दार उघडत नाही, त्याला इमर्जन्सी कार्ड लागतं आणि ते ड्युटी मॅनेजरच्या ताब्यात असतं. लहान मुलं खोलीत असतील तर बोल्टबरोबर वरची कडीही लावा, पण मुलं एकटी आत आणि मोठी माणसं बाहेर असं कधी करू नका. आतून बोल्ट लावून घाबरलेली मुलं आम्ही कितीदा तरी सोडवली आहेत.

सोनटक्का

आंबेहळद ताई, मनापासून आभार. बोल्ट लावलेला नव्हता, नवऱ्याला मुलांना घेऊन परत यायचं होतं म्हणून. लॉक रिपोर्टबद्दल आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आजच ईमेल करते.

पारसिक (बेलापूर)

एक वेगळी बाजू. सासऱ्यांना घेऊन महाबळेश्वरला गेलो होतो. आम्ही सगळे पॉइंट बघायला गेलो, ते खोलीत थांबले. दुपारचा चहा पाठवायला सांगितला होता. वेटरनं दार वाजवलं, उत्तर नाही, फोन केला, उत्तर नाही. मॅनेजरनं लगेच दार उघडलं. सासऱ्यांची साखर उतरली होती, अर्धवट शुद्धीत होते. साखरपाणी पाजून डॉक्टर बोलावला आणि मग आम्हाला फोन. पाटीचा मान राखून ते बाहेर थांबले असते तर आज सासरे नसते. म्हणून म्हणतो, आत येण्यावर सरसकट बंदी नको. आले की का आले ते त्या मॅनेजरनं आम्हाला फोनवर पहिल्या वाक्यात सांगितलं होतं, आणि आम्हाला तेवढं पुरलं.

कौलारू (नौपाडा, ठाणे)

वकिली करतो, त्यामुळे कायद्याचं थोडं.

हॉटेलची खोली घेतली म्हणून तुम्ही भाडेकरू होत नाही. ठरावीक दिवस राहण्याची परवानगी तुमच्याकडे असते, खोलीचा ताबा हॉटेलकडेच राहतो. त्यामुळे साफसफाई, दुरुस्ती, आग, आजारपण यासाठी हॉटेलला आत येता येतं. पण त्याचा अर्थ केव्हाही, कोणीही, कसंही असा होत नाही. तुम्ही पैसे मोजून सेवा घेतली आहे, तेव्हा पाटी लावलेली असताना, फोन न करता, बाई आंघोळ करत असताना दोन पुरुषांनी आत शिरून कपाटं उघडणं ही सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगापुढे नेता येते.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट ही, की २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात करता येते. हॉटेल कोकणात, गोव्यात, केरळात कुठेही असो, ठाण्यात राहणाऱ्यानं ठाण्यात दाद मागावी. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून ठेवा, पुष्कळदा तेवढ्यानंच हॉटेल बोलायला लागतं.

'जबाबदारी आमची नाही' अशा पाट्यांना घाबरू नका. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या ताब्यात दिलेली गाडी चोरीला गेली, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०१९मध्ये सांगितलं, की हॉटेलच्या निष्काळजीपणाला 'मालकाच्या जोखमीवर' असं छापून पळवाट मिळत नाही.

पोलीस तपासणीला आले तर शांतपणे ओळखपत्र मागा, कारण विचारा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५प्रमाणे झडती आणि जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रण बंधनकारक आहे. नाव-पत्ता आणि ओळखपत्र दाखवायला मात्र नकार देऊ नका.

मोगरी (खारघर)

धागा वाचून अंगावर काटा आला. माझी भीती वेगळीच आहे, छुप्या कॅमेऱ्याची. दोन मुली आहेत, मोठी बारावीत. हल्ली हॉटेलात गेलो की ती बाथरूमचा दिवा बंद करून आंघोळ करते. काय तपासायचं, कसं तपासायचं, कोणी नीट सांगेल का?

तारवाला (ऐरोली)

मोगरी ताई, सांगतो. भीती खोटी नाही. दक्षिण कोरियात २०१९मध्ये ३० हॉटेलांच्या ४२ खोल्यांत कॅमेरे सापडले होते, सुमारे १६०० पाहुण्यांचं चित्रण इंटरनेटवर थेट दाखवलं गेलं होतं. टीव्हीचे बॉक्स, भिंतीवरचे सॉकेट, हेअर ड्रायरचे होल्डर, अशा जागांत ते बसवले होते.

आधी यंत्रं विसरा आणि डोकं वापरा. कॅमेरा लावणाऱ्याला पलंग किंवा बाथरूम दिसायला हवं. म्हणून पलंगावर बसा आणि समोर बघा: मला कुठकुठल्या वस्तू 'बघू' शकतात? टीव्हीचा बॉक्स, घड्याळ, पलंगासमोरचं स्मोक डिटेक्टर, कारण नसताना सॉकेटला खोचलेला चार्जर. छोट्या कॅमेऱ्यालाही वीज लागते, म्हणून सतत वीज मिळणाऱ्या वस्तूंवर आधी संशय घ्या. बाथरूममध्ये एक्झॉस्ट, हुक, गिझरच्या आसपास बघा.

मग पडदे ओढा, दिवे घालवा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याजवळ धरून हळूहळू फिरवा. भिंगावर उजेड पडला की टाचणीच्या टोकाएवढा ठिपका लखकन चमकतो. जागा बदलून पुन्हा बघा. अंधारात चित्रण करणारे कॅमेरे इन्फ्रारेड दिवे वापरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात बऱ्याचदा जांभळट-पांढरे दिसतात. आपल्या फोनला दिसतं का ते घरीच टीव्हीच्या रिमोटवर बटण दाबून बघून घ्या.

वाय-फायवरची उपकरणं दाखवणारी ॲप्स आहेत, पण फक्त त्यांवर विसंबू नका. मेमरी कार्डवर साठवणारा कॅमेरा त्यांत दिसतच नाही. आरशावर नख टेकवून अंतर बघायची ती व्हॉट्सॲपवरची युक्तीही भरवशाची नाही. आरशाला चिकटून दोन्ही हातांनी डोळ्यांभोवती आडोसा करा आणि टॉर्च काचेला लावा, मागे पोकळी असेल तर दिसते.

काही सापडलं तर हात लावू नका. जिथे आहे तिथलाच व्हिडिओ काढा, खोलीतून बाहेर पडा आणि ११२ला फोन करा. हॉटेलवाला "आम्ही बघतो" म्हणून काढून न्यायला लागला तर नेऊ देऊ नका. त्यातलं कार्ड आणि त्यावरचे ठसे हाच पुरावा असतो.

आणि मुलीला म्हणावं, दिवा घालवून आंघोळ करायची वेळ तिच्यावर यायला नको. आत गेल्या गेल्या पाच मिनिटं सगळ्यांनी मिळून तपासा. तिलाच टॉर्च द्या, ती तपासायला शिकली की तिची भीती निम्मी जाईल.

कौलारू

तारवाला यांच्या प्रतिसादाला जोड. खाजगी क्षणी बाईला चोरून बघणं किंवा चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरल्यास एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई पुरुष आणि मुलांनाही लागू होतं. अल्पवयीन मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदाही लागू होतो. सहलीच्या गावी अडकून पडायचं नसेल तर ठाण्यात परतल्यावरही शून्य क्रमांकानं एफआयआर नोंदवता येतो, पण पुरावा ताजा असतानाच पोलिसांना बोलावणं केव्हाही बरं.

पामबीच

एक राहिलं, रिसेप्शनवरची बेफिकिरी. एरिन अँड्र्यूज या अमेरिकन क्रीडा पत्रकार बाई. २००८मध्ये नॅशव्हिलच्या हॉटेलात एका माणसानं त्या कुठे उतरल्या आहेत ते शोधून त्यांच्या शेजारची खोली मागितली, आणि हॉटेलनं ती दिली. त्यानं दाराचं भिंग बिघडवून बाहेरून चित्रण केलं. २०१६मध्ये ज्युरीनं साडेपाच कोटी डॉलर भरपाई ठरवली आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा हॉटेल चालवणाऱ्यांवर टाकला. आपल्याकडे काउंटरवर भर गर्दीत "तीनशे चार, दोन लेडीज" असं ओरडून चावी देतात. मी आता नंबर मोठ्यानं उच्चारला की खोली बदलून मागतो. दाराच्या भिंगावर आतून कागदाचा बोळा लावतो. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर आपल्या बाजूची कडी बघतो.

खाडीकाठ

हे ऐकून माझं मत थोडं बदललं. तपासणी हवीच, पण माणसं अशी वागत असतील तर तिच्यावर तपासणी हवी. आधार कार्डाचं काय करता तुम्ही लोक? झेरॉक्स काढून फाइलला लावतात, कपाटाला कुलूपही नसतं.

कौलारू

पाहुण्याची ओळख पटवून नोंद ठेवणं ही हॉटेलची जबाबदारी आहे, त्यामुळे ओळखपत्र द्यावं लागेल. पण आधारच द्या अशी सक्ती नाही, वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधारच द्यायचं तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्सवर आडवं लिहा: कुठल्या हॉटेलसाठी, कुठल्या तारखेला. मुलांची ओळखपत्रं मागितली तर वयाचा पुरावा नुसता दाखवा, प्रत देऊ नका.

सोनटक्का

सगळ्यांचे आभार, आणि ताजी बातमी. पहिल्या ईमेलला उत्तर आलं नाही. १९१५वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक टाकून दुसरा ईमेल केला, तेव्हा लॉक रिपोर्ट आला. आमच्या मुक्कामातली त्या दुपारची नोंद आहे, 'सिक्युरिटी मास्टर' म्हणून. पण त्याच संध्याकाळी आम्ही जेवायला खाली असताना आणखी एक नोंद आहे, 'मेंटेनन्स'च्या कार्डाची. आम्ही कसलीही दुरुस्ती सांगितली नव्हती. हे विचारल्यावर मॅनेजरनं फोन करून खोलीभाड्यातले निम्मे पैसे परत द्यायची तयारी दाखवली, पण त्या कार्डाबद्दल बोलायला तयार नाहीत.

आंबेहळद

पैसे आत्ता घेऊ नका. मेंटेनन्सचा माणूस कामाच्या चिठ्ठीशिवाय खोलीत जात नाही. कुठल्या खोलीत काय बिघाड, कोणी सांगितला, कोण गेला, हे त्या चिठ्ठीवर असतं. ती चिठ्ठी आणि त्या दिवसाचं की रजिस्टर मागा. चिठ्ठी नसेल तर तो माणूस आत का गेला हे हॉटेललाही माहीत नाही, असा त्याचा अर्थ. आणि मजल्यावरच्या कॉरिडॉरच्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा असं आजच लिहा, ते ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

कौलारू

अनुमोदन. सीसीटीव्हीचं पत्र ईमेलबरोबर स्पीड पोस्टानंही पाठवा, पोचपावती घेऊन. मसुदा मी पाहून देतो, मला खाजगी संदेश पाठवा.

सोनटक्का

पत्र आज सकाळी नौपाडा पोस्टातून गेलं. चिठ्ठी, की रजिस्टर, कॉरिडॉरचं चित्रण आणि त्या दोघांची नावं, चारही गोष्टी मागितल्या आहेत. सहीसाठी सासूबाईंनी पत्र स्वतः वाचून घेतलं आणि खाली आपलंही नाव घालायला सांगितलं. उत्तर आलं की याच धाग्यावर टाकते.